लाल रथ आणि सरदारांचे पेढे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती कोणत्या राजाच्या राज्यात घडली हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती गंमत म्हणून ऐकावी. मोठ्यांनी, विशेषतः ज्यांचा एखाद्या देखण्या वस्तूवर बरेच दिवस डोळा आहे अशा मोठ्यांनी, जरा कान देऊन ऐकावी.

नदीकाठच्या एका गावात रखमाजी नावाचा तेली राहत होता. त्याचा एक लाकडी घाणा होता, सगुणा नावाची बायको होती आणि काजळ्या नावाचा बैल होता. बैल अंगानं पांढराशुभ्र, पण डोळ्यांभोवती कुणी काजळ घातल्यासारखी काळी कडा, म्हणून काजळ्या. सकाळी त्याला घाण्याला जुंपायचं, करडई घालायची, दुपारपर्यंत तेल निथळायचं. तेल गावाला, पेंड काजळ्याला. सगळं बरं चाललं होतं.

पण रखमाजीच्या मनात एक रथ होता.

तरुणपणी त्यानं नदीच्या वाळवंटात रथांची शर्यत पाहिली होती. तिथल्या सरदारांचा एक लाल रथ होता. सरदारांच्या आजोबांनी तो समुद्रापलीकडच्या देशातून गलबतावर घालून आणला होता. दोनच चाकं, अंग हलकं, जुवावर उडी घेणारं तांब्याचं हरिण. आणि तो वेगात आला की त्याची चाकं गात. खोटं सांगत नाही. त्यांच्या आऱ्यांतून वारा जाताना असा काही सूर निघे, की काठावरची माणसं बोलायची थांबत.

त्या दिवसापासून वीस वर्षं रखमाजी घाण्याभोवती बैल फिरवत होता आणि डोक्यात रथ.

एके दिवशी दवंडी पिटली गेली, की सरदार आपला लाल रथ विकणार. रखमाजीच्या हातातलं माप खाली पडलं. दुसरा घाणा उभारायचा म्हणून त्यानं मोहरांची एक पिशवी साठवली होती. ती कमरेला बांधून तो तडक सरदारांच्या घरी गेला. एवढ्याशा पिशवीत असला रथ कसला मिळतो, असं त्याला वाटेत दहादा वाटलं. तरी पाय थांबले नाहीत.

"काय द्याल?" सरदारांनी विचारलं.

रखमाजीनं पिशवी पुढे केली. सरदारांनी ती उघडूनही पाहिली नाही.

"दिला," ते म्हणाले. मग त्यांनी एक लांबलचक सुस्कारा सोडला, शेल्याच्या टोकानं डोळे टिपले आणि आतून पेढ्यांचं ताट मागवलं. "घ्या, तोंड गोड करा. घरीही न्या."

रखमाजीला गहिवरून आलं. जिवापाड जपलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना हा माणूस पेढे वाटतो! "सरकार, फार जड जातंय का?" त्यानं हळूच विचारलं.

"ते तुम्हांला कळेल हळूहळू," सरदार म्हणाले.

रथ दारात आला. अख्खं गाव गोळा झालं. रथाला बैल चालत नाही, जू उंच पडतं, म्हणून रखमाजीनं एका व्यापाऱ्याकडून सारख्या उंचीचे दोन घोडे भाड्यानं आणले. सगुणा आधी नको नको म्हणाली आणि मग सर्वांच्या आधी चढून बसली. नदीकाठच्या वाटेवर घोडे भरधाव सुटले, चाकं गाऊ लागली, सगुणाचा पदर वाऱ्यावर उडाला आणि ती लग्नाच्या आधी हसायची तशी हसली. हे मुद्दाम सांगतो. रथ वाईट होता असं तुम्ही म्हणू नये. रथ फार सुंदर होता, आणि त्या दिवशी रखमाजीइतका सुखी माणूस त्या राज्यात नव्हता.

मग रथ राहायला आला.

उन्हानं त्याचा लाल रंग तडकतो, असं आठवड्यातच दिसून आलं. म्हणून करडईची पोती कोठीतून बाहेर ओसरीवर आली आणि रथ कोठीत गेला. पोत्यांना कीड लागली. रथाचे चामडी पट्टे दर आठ दिवसांनी चरबीनं चोळावे लागत. उन्हाळ्यात चाकं काढून ओल्या वाळूत पुरून ठेवावी लागत, नाहीतर लाकूड आकसून आरे खुळखुळत. बरं, तसाच उभा ठेवावा तर चामडं कडक होई. म्हणून आठवड्यातून एकदा त्याला फिरवून आणावं लागे, आणि रखमाजीला मोकळा वेळ काय तो बाजाराच्या दिवशी मिळे. तेल विकायचं सोडून तो रथ फिरवायला जाई. गिऱ्हाईक दोनदा बंद दार बघून परत गेलं, तिसऱ्यांदा शेजारच्या गावी गेलं.

घोडे हरभरा खात. हरभरा पुरेना तेव्हा पेंड खाऊ लागले. काजळ्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. घाण्याची लाट, म्हणजे उखळात फिरणारं ते जाड लाकूड, कुरकुरायला लागली. तिच्याकडे बघायला मात्र कुणाला सवड नव्हती.

आणि मग रखमाजीनं एक चूक केली. कुंभार, सुतार, शेतकरी, कुणीही ती केली नसती. ती फक्त तेल्यालाच सुचली असती.

गावातले गाडीवान चाकाच्या आखाला एरंडेल लावत. काळं, चिकट, वास मारणारं. रखमाजीला वाटलं, समुद्रापलीकडून आलेल्या या राजबिंड्या रथाला ते घाणेरडं एरंडेल? छे! त्यानं आपल्या घाण्याचं ताजं, सोन्यासारखं करडईचं तेल घेतलं आणि दोन्ही चाकांत ओंजळी ओंजळी ओतलं.

सगुणा दारातून बघत होती. "अहो, करडीच्या बुधलीचं झाकण दोन महिन्यांत असं चिकटतंय की दगडानं ठोकावं लागतंय. अन् तुम्ही तेच चाकात घालताय व्हय?"

"तुला रथातलं काय कळतं?" रखमाजी म्हणाला. तेलातलं तिला कळत होतं, हे तो विसरला.

शर्यतीत नवा दिसावा म्हणून मधले दोन महिने रथ कोठीतून हलला नव्हता, आणि शर्यतीच्या दिवशीही तो बैलगाडीवर घालून नेला. वाळवंटात ही गर्दी. रखमाजीनं नवं मुंडासं बांधलं होतं. नगारा वाजला, बाकीचे रथ सुटले, त्याच्या घोड्यांनीही झेप घेतली. पण चाकं जागची फिरेनात. तेल आत सुकून डिंकासारखं घट्ट झालं होतं. घोडे ओढत होते, रथ फरफटत होता आणि वाळूत नांगरल्यासारख्या दोन सऱ्या उमटत होत्या. शेवटी कडाड असा आवाज झाला. चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला बसवलेली खीळ मोडली आणि लाल रथ एका अंगावर कलला. प्रत्येकजण सल्ला द्यायला धावला. हसला असता तर बरं, असं रखमाजीला वाटलं.

असला रथ दुरुस्त करणारा एकच कारागीर राज्यात होता, आणि तो सात दिवसांच्या वाटेवर बंदराच्या गावी राहत होता. निरोप गेला. तो आला तो एकटा नाही, दोन गडी आणि एक आचारी घेऊन. आल्या आल्या त्यानं चाकाला कान लावला आणि डोळे मिटून म्हणाला, "हं."

पहिल्या 'हं'ला चाकं निघाली. दुसऱ्या 'हं'ला आख बाहेर आला. तिसऱ्या 'हं'ला रखमाजी बोटांवर खर्च मोजू लागला.

"यात करडईचं तेल घातलंत?" कारागिरानं बोटाला लागलेली खळ हुंगून पाहिली.

"ताज्या घाण्याचं," रखमाजी अजूनही थोडा अभिमानानं म्हणाला.

"एरंडेल का नाही घातलंत?"

"ते तर बैलगाडीला घालतात."

"चाकाला काय ठाऊक, ते रथाचं आहे की गाडीचं," कारागीर म्हणाला आणि खरवडायला बसला.

खरवडणं महिनाभर चाललं. मोडलेली खीळ गावच्या लोहारानं एका सकाळी घडवून दिली असती, पण कारागिरानं मान हलवली. वेगळ्या धातूची खीळ आख खाऊन टाकते म्हणे. ती त्या रथाच्या देशातूनच यायला हवी. गलबत गेलं, गलबत आलं. खीळ आली ती डाव्या चाकाची. मोडली होती उजव्या चाकाची. पुन्हा गलबत गेलं. तोवर कारागीर, त्याचे दोन गडी आणि आचारी रखमाजीच्या ओसरीवर मुक्कामाला होते. आचारी रोज सकाळी सगुणाला विचारी, "वहिनी, तूप संपलं का?" सगुणा काही बोलत नसे. ती काही बोलत नाही, याचीच रखमाजीला अधिक धास्ती वाटे.

शेवटी उजवी खीळ आली, रथ उभा राहिला. कारागिरानं आपल्या मेहनतीचा आकडा सांगितला आणि रखमाजीचे डोळे पांढरे झाले. घरात विकण्यासारखं काय होतं? आपले घोडे बघायला आलेल्या व्यापाऱ्यानं गोठ्याकडे बोट केलं.

"बैल द्या. कारागिराचं मी बघतो."

रखमाजी गोठ्याकडे पाठ करून बसला. मग म्हणाला, "दसऱ्याची पूजा होऊ दे. मग घेऊन जा."

हे ऐकून सगुणा इतक्या महिन्यांनी बोलली. "बैल गेला तर घाणा कोण फिरवणार?"

"घोडे जुंपीन."

"घोडे भाड्याचे हायेत. भाडं कुठनं देणार? तेलातनं. तेल कुठनं काढणार? घाण्यातनं. अन् घाणा कोण फिरवणार?"

घाण्याच्या बैलासारखं बोलणं फिरून जागच्या जागी आलं. 

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तो काजळ्याला पाणी दाखवायला गोठ्यात गेला. आता, बैल बोलत नाहीत असं लोक म्हणतात. काजळ्या बोलत असे, पण फार क्वचित, आणि कामाचं असेल तरच.

"मालक," काजळ्या म्हणाला, "नव्या धन्याला दोन गोष्टी सांगून ठेव. मला रोज पाटीभर पेंड लागते. अन् दिवस मावळताना मानेवर हात फिरवावा लागतो, जू लागतं तिथं. एवढंच. पण न सांगता देऊ नकोस. त्याला ठाऊक नसलं तर त्याचेही हाल, माझेही."

रखमाजीचा हात बैलाच्या मानेवर गेला. तिथं घट्टा पडला होता. आपण इथं शेवटचा हात कधी फिरवला, हे त्याला आठवेना. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्या गावची एक रीत होती. ज्यानं वर्षभर घर पोसलं, ते अवजार धुऊन, तेल लावून दारात मांडायचं. गावातला सर्वांत वयस्क माणूस हळदकुंकू घेऊन दारोदार जाई आणि घरधन्याला विचारी, "यंदा तुला कुणी पोसलं?" घरधन्यानं त्या अवजारावर हात ठेवून "यानं" म्हणायचं. मग त्याला कुंकू लागे. सुताराच्या दारात वाकस, लोहाराच्या दारात भाता, माळणीच्या दारात खुरपं. रखमाजीच्या दारात दरवर्षी घाण्याची लाट असे आणि शेजारी काजळ्या.

या वर्षी दारात लाल रथ उभा होता. इतका खर्च झाला आहे तर निदान गावानं तो बघावा तरी, एवढीच रखमाजीची इच्छा. काजळ्या मागे गोठ्यात होता, आणि व्यापारी दोरखंड घेऊन आदल्या दिवशीच येऊन राहिला होता.

सर्वांत वयस्क होते भागोजी कुंभार. कानानं अधू, पण चेष्टेखोर. ते काठी टेकत आले. रथाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रखमाजी, यंदा तुला कुणी पोसलं?"

रखमाजीनं रथावर हात ठेवला. रथ उन्हात झळकत होता. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

"काय? मोठ्यानं बोल, बाबा! मला ऐकू येत न्हाई."

पुन्हा तेच. मागे सगळं गाव उभं. सगुणा दाराच्या चौकटीला टेकलेली. कारागीर ओसरीवर पान चघळत होता, तो चघळायचा थांबला.

"बरं, त्ये ऱ्हाऊ दे," भागोजी म्हणाले. "मग यंदा तू कुणाला पोसलंस, त्ये तरी सांग."

रखमाजीनं रथावरचा हात काढला, जणू चटका बसला होता. तो मागे गोठ्यात गेला, काजळ्याला सोडून दारात घेऊन आला आणि त्याच्या घट्टा पडलेल्या मानेवर हात ठेवून असा ओरडला, की नदीपलीकडच्या बगळ्यांनीही ऐकलं असेल.

"यानं पोसलं! दरसाल यानंच पोसलं! अन् मी याची पेंड दुसऱ्याला घातली!"

"आता ऐकू आलं," भागोजी म्हणाले आणि काजळ्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

रखमाजी व्यापाऱ्याकडे वळला. "माझा शब्द मी मोडतोय. बैल देणार न्हाई. मला काय बोलायचं ते बोला." व्यापाऱ्यानं गावाकडे पाहिलं, दोरखंड खांद्यावर टाकलं आणि आपले घोडे घेऊन गेला.

उरला कारागीर. रखमाजीनं त्याच्यापुढे हात जोडले. "तुमच्या मेहनतीपोटी हा रथच घ्या."

कारागीर दचकून दोन पावलं मागे सरला. "नको हो! चाळीस वर्षं मी असले रथ दुरुस्त करतोय. म्हणून तर माझ्याकडे एकही नाही." मग जरा विचार करून म्हणाला, "बंदरावर एक सावकार आहेत. त्यांची गलबतं त्याच देशात जातात. मिऱ्यांच्या पोत्यात खीळ घालून आणली तरी त्यांना तिचा खर्च जाणवणार नाही. त्यांना निरोप धाडतो. तोवर मी थांबतो. आचाऱ्याला मात्र परत पाठवतो."

सगुणानं पहिल्यांदाच त्या माणसाकडे मायेनं पाहिलं.

सावकार आले. रथ पाहताच त्यांच्या डोळ्यांत चमक आली. रखमाजीनं ती लगेच ओळखली. वीस वर्षं ती त्याच्याच डोळ्यांत होती. गप्प बसावं आणि रथ द्यावा, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण काजळ्याचं बोलणं कानात होतं.

"आधी ऐकून घ्या," तो म्हणाला. आणि त्यानं सगळं सांगितलं. रंग, पट्टे, ओली वाळू, आठवड्याची फेरी, घोड्यांचा हरभरा, डावी खीळ, उजवी खीळ. करडईच्या तेलाचंही सांगितलं, मान खाली घालून.

"हे सरदारांनी तुम्हांला सांगितलं नव्हतं?" सावकारांनी विचारलं.

"त्यांनी पेढे दिले."

सावकार पोट धरून हसले. "माझ्या पदरी सुतार आहे, चांभार आहे, वीस घोडे आहेत. माझ्याकडे तो सुखानं राहील. आणि वस्तूचे दोष आधी सांगणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. घेतला."

रखमाजीची पूर्ण पिशवी काही परत आली नाही. पण कारागिराची मेहनत फिटली, आणि घाण्याला नवी लाट बसवता आली. दुसरा घाणा मात्र लांबला, तो थेट चार वर्षांनी उभा राहिला.

रथ वळणावर दिसेनासा झाला आणि रखमाजीच्या छातीतून आपोआप एक सुस्कारा निघाला. लांबलचक, अगदी तळापासून. त्याचे डोळेही भरून आले. त्यानं मुंडाशाच्या टोकानं ते टिपले आणि एकदम थांबला. असा सुस्कारा त्यानं आधी ऐकला होता.

"अगं सगुणा!" तो ओरडला. "सरदारांना जड न्हवतंच जात! त्यांना हलकं वाटत होतं!"

"मला तवाच शंका आली होती," सगुणा म्हणाली. "विकणारा एवढे पेढे कधी देतो का?"

मग दोघं ओसरीवर बसून इतकी हसली, की काजळ्या पेंड खायचा थांबून बघत राहिला. कोठी मोकळी झाली होती. पोती पुन्हा आत गेली. बाजाराच्या दिवशी दार उघडं होतं. सगुणानं त्याच आठवड्यात दूध आटवून पेढे केले आणि गावभर वाटले, भागोजी कुंभारांना चार जास्तीचे.

पुढच्या वर्षी शर्यतीला रखमाजी वाळवंटात सर्वांच्या पुढे बसला. लाल रथ आला. चाकं तशीच गात होती, काठावरची माणसं तशीच बोलायची थांबली, आणि रखमाजीच्या अंगावर तसाच काटा आला. शेजारचा एकजण हळहळून म्हणाला, "एके काळी तुझा होता रे हा."

"व्हय," रखमाजी म्हणाला. "पण आज मी त्याचं गाणं ऐकतोय. माझा होता तवा नुसती कुरकुर ऐकायचो."

शर्यत संपली. तो उठला, अंगावरची वाळू झटकली आणि घरी निघाला. दिवस मावळत आला होता, आणि काजळ्याच्या मानेवर हात फिरवायची वेळ झाली होती.

म्हणून, बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: वस्तूची किंमत एकदाच द्यावी लागते, पण तिच्या सांभाळाची रोज द्यावी लागते; ज्याला रोजचं देणं झेपतं, त्यानंच ती घरी आणावी.